पेवातला कंदील

पेवाचं तोंड उघडल्यावर जाणता माणूस लगेच आत उतरत नाही. वरची माती बाजूला होते, झाकणाचा दगड सरकतो आणि सगळे थोडा वेळ नुसते उभे राहतात. मग दोरीला कंदील बांधून तो हळूहळू खाली सोडतात. ज्योत सरळ तेवत राहिली तर माणूस उतरतो. ती बारीक होऊन विझली, तर कंदील वर घ्यायचा आणि आणखी थांबायचं. ज्वारीच्या मुलखात ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं नावाजलेली होती. तिथेही आधी कंदील, मग माणूस. साठवलेला दाणा जिवंत असतो. तो श्वास घेतो, पेवातला प्राणवायू संपवतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. जमिनीपासून दोन पुरुष खोलीवर, डोक्यावर उघडं आभाळ दिसत असताना, माणूस गुदमरून जातो.

माणूस पाण्याखाली किंवा अंतराळात राहू शकेल का, हा प्रश्न ज्यांना फार दूरचा वाटतो, त्यांनी त्या पेवाच्या तोंडाशी क्षणभर उभं राहावं. तिथे जो प्रश्न कंदील विचारतो, तोच या लेखाचा विषय आहे.

परभणीहून मानवत रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेडगाव लागतं. काळ्या रानातलं हे गाव समुद्रापासून सरळ रेषेत मोजलं तर सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकही जमिनीपासून साधारण चारशे किलोमीटर उंचीवरून फिरतं. म्हणजे पेडगावकराला मुंबईचा समुद्र जितका लांब, तितकंच माणसांनी भरलेलं ते आभाळातलं घर लांब. आणि अंतराळाची सहसा मानली जाणारी सीमा तर फक्त शंभर किलोमीटरवर. डोक्यावरचं अंतराळ समुद्रापेक्षा चौपट जवळ आहे. अंतर हा या विषयातला अडथळा नव्हेच. अडथळा हवेचा आहे.

मराठीत या प्रश्नासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि ती वेगळी ठेवली तर अर्धा गोंधळ मिटतो. माणूस एखाद्या ठिकाणी मुक्काम करतो, आणि एखाद्या ठिकाणी नांदतो. मुक्कामाला शिदोरी पुरते. नांदायला चूल लागते, पाणवठा लागतो, शेजार लागतो, लेकरं लागतात. पाण्याखाली आणि अंतराळात माणसानं मुक्काम करून दाखवला आहे, तोही लांबलचक. रशियाचे वालेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ साली मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले. पनामाच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली ११ मीटरवर एका कोठडीत रुडिगर कोख हे जर्मन गृहस्थ १२० दिवस राहून जानेवारी २०२५ मध्ये वर आले. अंतराळ स्थानक तर २ नोव्हेंबर २००० पासून एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. पण अंतराळात आजवर एकही मूल जन्मलेलं नाही, आणि पृथ्वीवरून शिदोरी आल्यावाचून तिथल्या कोणाचाही संसार चाललेला नाही.

आधी पाण्याकडे वळू. मासा पाण्यात श्वास घेतो, मग माणसाला कल्ले लावता येणार नाहीत का, असं शाळकरी मुलं हमखास विचारतात. प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर हिशेबात आहे. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू सहा ते आठ मिलिग्रॅम. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला जेवढा प्राणवायू लागतो, तेवढा मिळवायला दर मिनिटाला चाळीस-पन्नास लिटर पाणी कल्ल्यांतून जावं लागेल, आणि त्यातला कण न् कण शोषला जावा लागेल. दोन-तीन मोठे हंडे, दर मिनिटाला, झोपेतसुद्धा. मासा थंड रक्ताचा, त्याची गरज थोडी, म्हणून त्याचं भागतं. गरम रक्ताच्या प्राण्याला ही चैन परवडत नाही. देवमासासुद्धा श्वासासाठी वरच येतो.

तेव्हा माणसानं पाण्यात जायचं तर हवा बरोबर न्यायची. याचं सर्वांत जवळचं उदाहरण मुंबईत माझगाव गोदीत बांधलं जातं. कलवरी वर्गातल्या सहा पाणबुड्या इथे तयार झाल्या; पहिली १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात आली, सहावी, वागशीर, १५ जानेवारी २०२५ रोजी. त्यांतली खांदेरी थळच्या समुद्रातल्या शिवकालीन जलदुर्गाचं नाव मिरवते. सुमारे ६७ मीटर लांबीच्या या नळीत चाळीसहून अधिक माणसं राहतात, स्वयंपाक करतात, पाळीपाळीनं झोपतात. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड रसायनांत शोषून घ्यावा लागतो. आणि डिझेल इंजिनाला तर माणसाहून मोठा श्वास लागतो. बॅटऱ्या भरण्यासाठी पाणबुडीला वरच्या थराला येऊन नळी पाण्याबाहेर काढावी लागते, आणि नेमकी तेव्हाच ती शत्रूला सापडते. ही गरज टाळण्यासाठी अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेत इंधन-घटावर चालणारी यंत्रणा विकसित झाली. मार्च २०२१ मध्ये तिचा जमिनीवरचा नमुना चाचणीला उतरला. अंबरनाथच्या कारखानदारीच्या गर्दीत काही माणसं वर्षानुवर्षं पाणबुडीचा दम कसा वाढवावा या एका कामाला वाहून घेतात, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे. ते ठाऊक असायला हवं.

पाणबुडीत मात्र आतला दाब घरासारखाच असतो. समुद्राचा भार पोलादाचं कवच सोसतं, माणूस नाही. खरी परीक्षा आहे ती कवच सोडून पाण्यात उतरणाऱ्याची, आणि तिची कथा मुंबईच्या समोरच घडलेली आहे.

मुंबई हायचं तेलक्षेत्र १९७४ साली सापडलं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, जिथे तळ पाऊणशे मीटरच्या आसपास आहे, तिथे नळ जोडायला, झडपा बसवायला, तडे शोधायला माणूसच लागतो. पाऊणशे मीटरवर पाण्याचा दाब जमिनीच्या साडेआठपट. त्या दाबात श्वासातला वायू रक्तात आणि मांसात मुरतो, आणि माणूस घाईनं वर आला तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा तो अंगात फसफसतो. म्हणून हे पाणबुडे रोज वर येतच नाहीत. जहाजावरच्या एका लोखंडी कोठडीत तळाइतकाच दाब भरून त्यांना तिथेच ठेवतात, साधारण महिनाभर. कामाच्या वेळी घंटेच्या आकाराची बंद कुपी त्यांना खाली नेते आणि परत आणते. जेवण एका दुहेरी दाराच्या खणातून आत जातं. श्वासाला हवेऐवजी हेलियम आणि थोडा प्राणवायू. हेलियमनं आवाज बदकासारखा होतो, अंगातली ऊब झरझर निघून जाते, म्हणून कोठडी चांगलीच उबदार ठेवावी लागते आणि पाण्यात असताना पोशाखातून गरम पाणी खेळवावं लागतं. कोठडीच्या बाहेर चोवीस तास कोणीतरी बसलेलं असतं, दाब आणि वायू यांच्या काट्यांवर डोळा ठेवून.

इथे पेवाचा कंदील खोटं बोलेल. या कोठडीत प्राणवायूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असतं. कंदिलाची ज्योत साधारण सोळा टक्क्यांखाली टिकत नाही, म्हणून ती इथे पेटणारच नाही. माणूस मात्र जगतो, कारण दाब साडेआठपट असल्यानं त्या पाच टक्क्यांतून फुप्फुसाला पुरेसा प्राणवायू मिळतो. हाच वायू जमिनीवर दिला तर माणूस काही क्षणांत कोसळेल. आत असताना जी हवा जीव वाचवते, तीच दार उघडल्यावर जीव घेते. कोठडीतून बाहेर पडायचं तर दाब हळूहळू उतरवत तीन-चार दिवस काढावे लागतात. अंतराळ स्थानकातून सुटलेलं सोयूझ यान साडेतीन तासांत जमिनीला टेकू शकतं; चंद्रावरून घरी यायला तीन दिवस लागतात. मुंबई हायवरचा पाणबुडा जहाजाच्या डेकपासून दोन हात अंतरावर असतो आणि तरी घरापासून चंद्राइतका लांब असतो.

२७ जुलै २००५. आदल्या दिवशी पावसात मुंबई बुडाली होती, हेलिकॉप्टरं जमिनीला खिळली होती. समुद्र खवळलेला. समुद्र सुरक्षा या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झाली आणि त्याला उपचारासाठी जवळच्या मुंबई हाय नॉर्थ या तेलफलाटावर चढवायचं ठरलं. त्या प्रयत्नात लाटांनी जहाज फलाटावर आदळलं, वायूचे उभे नळ फुटले, आग लागली. सुमारे दोन तासांत फलाट कोसळला. तिथल्या ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली. पेटलेलं जहाज सोडावं लागलं. आणि त्या जहाजावर, दाबाच्या कोठडीत, सहा पाणबुडे बंद होते.

ते बाहेर येऊ शकत नव्हते. दार उघडणं म्हणजे मरण, आणि आत राहणं म्हणजे कोणीतरी परत येईल या भरवशावर राहणं. ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. जहाज १ ऑगस्टला बुडालं.

त्या सहा जणांचे छत्तीस तास या विषयावरच्या कुठल्याही कल्पनाचित्रापेक्षा जास्त शिकवतात. माणूस परक्या जागी राहतो तेव्हा तो एकटा कधीच राहत नाही. पेवात उतरलेल्याची दोरी वर कोणाच्या तरी हातात असते. पाण्याखालच्या किंवा आभाळातल्या वस्तीचं कुठलंही चित्र कोणी दाखवलं की वाचकानं आधी एवढंच शोधावं: दोरी कोणाच्या हातात आहे?

अंतराळात ती दोरी अदृश्य, पण लांब आणि महाग. स्थानकावर प्राणवायू पाण्याचं विद्युत-विघटन करून मिळवतात. घाम, उच्छ्वासातली वाफ आणि मूत्र गाळून पुन्हा पिण्याचं पाणी होतं. २०२३ मध्ये यांतलं ९८ टक्के पाणी परत मिळवण्याची मजल गाठली गेली. टँकरची वाट पाहिलेल्या मराठवाड्यातल्या बायाबापड्यांना या आकड्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. उरलेले दोन टक्के, सुटे भाग आणि अन्न हे सारं पृथ्वीवरून जातं.

तिथे कंदील नेला तर काय होईल? वजन जाणवत नसलेल्या जागी गरम हवा वर चढत नाही, कारण 'वर' असं काही उरत नाही. ज्योत उंच होण्याऐवजी निळसर गोळा होते आणि पंख्यानं हवा खेळती ठेवली नाही तर आपल्याच धुराच्या वेढ्यात विझते. झोपलेल्या माणसाचंही तेच. त्याचा उच्छ्वास त्याच्या चेहऱ्याभोवती साचून राहू शकतो, म्हणून स्थानकात पंखे अखंड फिरतात. इतकं करूनही तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड आपल्या अंगणातल्या हवेच्या जवळपास दहापट असतो. हाडांची घनता महिन्याला एक-दीड टक्क्यानं घटते, म्हणून रोज दोन तास व्यायाम. किरणोत्साराचा मार वेगळाच.

दोरी कापून, सगळं आतच पिकवून, आतल्या हवेवर माणसं राहू शकतील का? हा प्रयोग एकदा मोठ्या जिद्दीनं झाला, आणि तो शेतकऱ्याच्या मापानं मोजता येतो. अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात सव्वातीन एकरांपेक्षा थोडी कमी जागा काचेखाली बंद केली गेली. आत छोटं जंगल, पाणथळ, लहानसा समुद्र, आणि अर्ध्या एकराच्या आसपास शेती. नाव बायोस्फिअर-२, कारण बायोस्फिअर-१ म्हणजे आपली पृथ्वी. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार पुरुष आणि चार स्त्रिया आत गेल्या, दार बंद झालं. रताळी, बीट, केळी, पपई खाऊन त्यांनी दोन वर्षं काढली. सगळे वाळले. फुलांवर येणारे कीटक मेले, मुंग्या माजल्या. पण घात झाला तो वेगळ्याच जागी.

आतला प्राणवायू घटत चालला. २०.९ टक्क्यांवरून तो सोळा महिन्यांत १४.५ वर आला. उंच डोंगरावर धाप लागावी तशी माणसं धापा टाकू लागली. पेवातला कंदील त्या काचघरात विझला असता. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू आत सोडावा लागला. चोर शोधायला वेळ लागला, आणि तो निघाला पायाखालीच. पीक जोमदार यावं म्हणून आत भरपूर सेंद्रिय खताची माती भरली होती. त्या मातीतले कोट्यवधी जीवाणू प्राणवायू खात होते आणि कार्बन डायऑक्साइड सोडत होते. झाडांनी तो शोषून प्राणवायू परत केला असता, पण बांधकामाचं काँक्रीट आधीच तो गिळत होतं. म्हणून हिशेब जुळत नव्हता. ज्वारीच्या पेवात जे घडतं, तेच इथे तीन एकरांत घडलं.

या प्रयोगाला फसलेला म्हणण्याची प्रथा आहे. ती अन्यायाची आहे. माती श्वास घेते हे शेतकऱ्याला ठाऊक असतंच, पण ती किती घेते आणि कोणाचा घेते, याचा इतका चोख हिशेब त्याआधी कोणी माणसांचा जीव पणाला लावून मांडला नव्हता.

आणि मातीचा विषय निघाला की पेडगाव पुन्हा मध्यभागी येतं. परभणीच्या काळ्या रानाखाली जो कातळ आहे, तो बेसाल्ट; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचा. पौर्णिमेच्या चंद्रावर जे काळे डाग दिसतात, तेही बेसाल्टचेच, बहुतेक तीनशे कोटी वर्षांहून जुने. लोणारचं विवर अशाच कातळात उल्का आदळून झालं, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ बुलढाण्यातल्या त्या काठावर येत असतात. दगड एका जातीचा. मग चंद्रावर काळी माती का नाही? कारण तिथे पाऊस पडला नाही, मुळं शिरली नाहीत, गांडुळं फिरली नाहीत. कोरड्या भुकटीत आणि काळ्या आईत हा फरक आहे. २०२२ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्रधुळीत मोहरीच्या कुळातल्या एका रोपाचं बी पेरलं. बी रुजलं. सगळे त्या क्षणी हरखले असणार. पण पुढे रोपं खुरटली, काहींवर जांभळट छटा आली. आतून ती सतत ताणाशी झुंजत होती. उगवणं आणि नांदणं यांतला फरक त्या रोपांनीही दाखवला.

भारताचे प्रयत्नही याच वाटेनं सुरू झाले आहेत, आणि त्यांत आपल्या स्वयंपाकघरातली कडधान्यं आहेत. ३० डिसेंबर २०२४ रोजी इस्रोनं सोडलेल्या पीएसएलव्हीच्या वरच्या टप्प्यात एका लहान बंद पेटीत चवळीचे आठ दाणे होते. चौथ्या दिवशी त्यांना मोड आले, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यातच पानंही फुटली. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकात गेले; राकेश शर्मा यांच्या १९८४ च्या उड्डाणानंतर ४१ वर्षांनी अंतराळात पोचलेले दुसरे भारतीय. त्यांच्याबरोबर खायला आमरस होता आणि रुजवायला मूग आणि मेथी. तो प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा. परभणीतही १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. कोरडवाहू रानात कमी पाण्यावर तग धरणारं वाण शोधणं हे तिथलं रोजचं काम. थेंब मोजून पीक घेण्याची ही विद्या उद्या आभाळातल्या पेटीतही उपयोगी पडेल. पेडगावच्या आसपासचं एखादं लेकरू ती शिकून तिथवर गेलं, तर त्यात नवल वाटू नये.

अंतराळ तर या मुलखाच्या उंबऱ्याशी आलेलंच आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या तिच्या दोन नळ्यांतून हवा जवळजवळ पूर्ण उपसून टाकायची आहे. आतला दाब आपल्या हवेच्या दाबाचा लाख-कोटीवा भाग उरेल. ज्या निर्वातासाठी शंभर किलोमीटर उंच आणि त्याही पलीकडे जावं लागतं, तो पेडगावाहून गाडीनं दीड-दोन तासांवर, ज्वारी-सोयाबीनच्या रानात, माणूस स्वतःच्या हातानं घडवणार आहे.

शेवटी, एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. थंडीत, आभाळ निरभ्र असताना, दिवेलागणीनंतर थोड्या वेळात किंवा पहाटे तांबडं फुटण्याआधी, स्थानक मराठवाड्यावरून जाणार असेल तो दिवस पाहून घ्यावा आणि गावाबाहेर माळावर जावं. दुर्बीण लागत नाही. एक ठळक ठिपका, न लुकलुकता, न थरथरता, पाच-सहा मिनिटांत आभाळ ओलांडतो आणि, संध्याकाळची वेळ असेल तर, पृथ्वीच्या सावलीत शिरून दिसेनासा होतो. त्या ठिपक्यात त्या क्षणी माणसं असतात. त्यांच्या चेहऱ्यासमोर पंखे फिरत असतात. आणि ह्यूस्टनमध्ये आणि मॉस्कोजवळ नियंत्रण कक्षांत कोणीतरी चोवीस तास काट्यांवर डोळा ठेवून बसलेलं असतं.